कुणाच्या बाजूने?

फुटबॉलमध्ये देशांच्या संघांचे आता काय काम उरले आहे, असा प्रश्न आमच्या मोहल्ल्यातील तरुण मुले सरळ विचारतात. त्यांच्या अंगावर लिव्हरपूल, रिआल माद्रिद, बार्सिलोना यांच्या जर्सी असतात. इंग्लंड-स्पेनमधील सामने पाहण्यासाठी ती मध्यरात्र उलटेपर्यंत जागतात. वर्षातून काही वेळा क्लबांचा हंगाम थांबतो आणि काही दिवस देशांचे सामने होतात. त्या दिवसांत ही मुले अगदी बेचैन असतात. भारताचा सामना कधी आहे हे त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊकही नसते. आमचा एक भाचा म्हणतो, "मामू, देशाचा संघ म्हणजे लग्नाला जमलेले पाहुणे. चार दिवस एका दस्तरखानावर जेवतात आणि पांगतात. घर चालते ते क्लबचे."

उपमा झकास आहे, आणि खेळापुरती खरीही आहे. क्लबचे खेळाडू वर्षातले दहा महिने एकत्र सराव करतात. कोण कुठे धावणार, चेंडू गेला तर कोण मागे येणार, हे त्यांच्या पायांना पाठ झालेले असते. देशाच्या प्रशिक्षकाला तेच खेळाडू मोजके दिवस मिळतात, तेही थकलेले. त्याला डावा बचावपटू हवा असेल तर तो विकत आणता येत नाही. देशात जो असेल त्यावर भागवावे लागते. त्यामुळे नुसता खेळ पाहायचा असेल तर चॅम्पियन्स लीगमधला चांगला सामना विश्वचषकातल्या बहुतेक सामन्यांपेक्षा उजवा ठरतो. हे आम्हीही मान्य करतो.

हे असे का झाले, तेही सांगता येते. 1992 साली इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि त्याच वर्षी जुन्या युरोपियन चषकाला चॅम्पियन्स लीग हे नाव मिळाले. दूरचित्रवाणीचा पैसा धो धो वाहू लागला. पुढे डिसेंबर 1995 मध्ये बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमन या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेला खेळाडू मोकळा आहे आणि युरोपीय संघाच्या नागरिकांवर 'परदेशी' म्हणून संख्येची मर्यादा घालता येणार नाही. बांध फुटला. 1967 साली ग्लासगोच्या सेल्टिकने युरोपियन चषक जिंकला, तेव्हा त्या संघातला प्रत्येक खेळाडू आपल्या मैदानापासून सुमारे 50 किलोमीटरच्या आत जन्मलेला होता. 26 डिसेंबर 1999 रोजी लंडनच्या चेल्सीने मैदानात अकरा जण उतरवले, त्यांत एकही ब्रिटिश नव्हता. बत्तीस वर्षांत क्लब या शब्दाचा अर्थच बदलून गेला.

आम्ही कोल्हापूरचे. क्लब म्हणजे काय, हे आम्हांला इंग्लंडकडून शिकावे लागले नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावे इथे नुसती संघांची नाहीत. ती पेठांची, तालमींची, घराण्यांची नावे आहेत. शाहू स्टेडियमवर या संघांची गाठ पडली की गावात जी ईर्षा पेटते ती ज्याने पाहिली त्याला क्लबप्रेम वेगळे समजावून द्यावे लागत नाही. मोहरमात इथल्या अनेक तालमींत पंजे बसतात आणि त्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांत हिंदू घरेही असतात. तालमीचा माणूस म्हटले की त्याची जात-जमात दुसऱ्या नंबरावर जाते. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचेही नाव असे. 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे त्या क्लबने कलकत्ता लीग जिंकली. देश स्वतंत्र नव्हता त्या काळात एका क्लबने देशभरच्या मुसलमानांची मान ताठ केली होती. तेव्हा क्लब थोर की देश थोर, असा वाद आम्हांला मुळात घालायचाच नाही. क्लब हीसुद्धा मातीच होती.

प्रश्न आहे तो या मातीचे पुढे काय झाले याचा. मँचेस्टर सिटी 2008 पासून अबुधाबीच्या राजघराण्याच्या पैशावर उभा आहे. पॅरिसचा पीएसजी 2011 मध्ये कतारकडे गेला आणि 2017 मध्ये त्या क्लबने ब्राझीलच्या नेमारसाठी 22 कोटी 20 लाख युरो मोजले. न्यूकॅसल 2021 मध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने घेतला. यात मुसलमान मालक आले म्हणून आम्ही खूश व्हावे, असे आम्हांला तरी वाटत नाही. मालक शेख असो की अमेरिकी शेठ, त्याने क्लब विकत घेतला, एवढीच गोष्ट खरी. एप्रिल 2021 मध्ये युरोपातल्या 12 श्रीमंत क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग काढण्याचा घाट घातला. इंग्लंडमध्ये त्या त्या गावची माणसे रस्त्यावर आली आणि दोन-तीन दिवसांत बेत कोसळला. म्हणजे क्लबवर हक्क सांगणारे लोक अजून आहेत. पण ते त्या गावात राहतात. कोल्हापुरात रात्री जागणाऱ्या आमच्या भाच्याला त्यात मत नव्हते. तो क्लबचा चाहता आहे. क्लबच्या हिशेबात मात्र तो गिऱ्हाईक आहे.

एवढे बोलून आम्ही थांबलो असतो. पण मुलांकडे दुसरा एक मुद्दा आहे, आणि तोच खरा आहे. तो ती मोठ्याने बोलत नाहीत. क्लब कुणाला काही विचारत नाही. लिव्हरपूलची जर्सी घालून चौकात उभे राहिले तर कुणी तुमच्या निष्ठेची परीक्षा घेत नाही. देशाचे नाव आले की परीक्षा येते. भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या दिवशी मुसलमान वस्तीकडे कशा नजरा लागतात, हे या वार्षिकाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे? टाळी जरा उशिरा वाजली तरी तिचा अर्थ लावला जातो. अशा मुलाला सात समुद्रांपलीकडचा क्लब म्हणजे मोकळी हवा वाटली, तर नवल नाही.

त्या हवेत खरोखर काही आहे, याचा पुरावाही आहे. इजिप्तचा मोहम्मद सलाह 2017 मध्ये लिव्हरपूलला आला. गोल केल्यावर तो मैदानात सजदा करतो. त्या शहरातल्या गोऱ्या पोरांनी त्याच्यावर गाणी रचली आणि त्यांत मशिदीत येऊन बसण्याची गोष्टही आपखुशीने घातली. अभ्यासकांनी याचे मोजमाप केले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, सलाह आल्यानंतर त्या भागातील द्वेषमूलक गुन्हे अपेक्षेपेक्षा सुमारे 16 टक्क्यांनी कमी झाले, आणि लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या मुस्लिमविरोधी ट्विटांचे प्रमाण इतर बड्या क्लबांच्या चाहत्यांच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले. शंभर परिसंवादांनी जे होत नाही ते एका डाव्या पायाने केले. हे काम क्लबच्या जर्सीने केले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आणि देशाच्या जर्सीने काय केले? मेसुत ओझिलचे उदाहरण ताजे आहे. जर्मनीतल्या गेल्सेनकिर्खेनमध्ये जन्मलेला, तुर्की आजोबांचा नातू. 2014 चा विश्वचषक त्याने जर्मनीसाठी जिंकला. मे 2018 मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्याबरोबर त्याचा फोटो झळकला, पुढच्याच महिन्यात रशियातल्या विश्वचषकात जर्मनीचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, आणि सगळे खापर त्याच्या माथी फुटले. त्या फोटोबद्दल आमचेही मत चांगले नाही. सत्ताधीशांच्या शेजारी उभे राहणाऱ्या खेळाडूंचे आम्हांला कधीच कौतुक वाटले नाही. पण पराभवाला तो फोटो कारण नव्हता. 22 जुलै 2018 रोजी त्याने तीन भागांचे निवेदन काढून देशाची जर्सी परत केली. जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की परका, असा त्याच्या तक्रारीचा आशय होता. हे वाक्य वाचून आमच्या मोहल्ल्यातली सगळी माणसे गप्प झाली होती. त्यात कुणालाच काही नवीन वाटले नव्हते.

मग मुले बरोबर आहेत का? सोडून द्यावी का देशाची गोष्ट? इथे आमचे पाऊल अडते. ओझिल लंडनच्या आर्सेनलमधूनही पुढे दुखावूनच गेला. पण तिथे जग हादरले नाही. खेळाडू आणि क्लब यांच्यात करार असतो, तो संपतो. देशाशी करार नसतो, म्हणून त्याचे निवेदन जखमेसारखे वाचले गेले. क्लबवर दुरून प्रेम करता येते, हक्क सांगता येत नाही. देशावर हक्क सांगता येतो. आणि जिथे हक्क असतो तिथेच अपमान लागतो.

हा हक्क किती मोलाचा असतो ते पाहायचे तर 1958 सालाकडे जावे लागते. अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात होता आणि स्वातंत्र्याचे युद्ध चालू होते. रशीद मेखलूफी हा सेतिफ शहरात जन्मलेला मुलगा फ्रान्समध्ये सेंट एतियेन या क्लबचा आघाडीवीर होता. 1957 ची फ्रेंच लीग त्याने जिंकलेली, वय 21, आणि येत्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संभाव्य खेळाडूंत त्याचे नाव. मोनाकोचा बचावपटू मुस्तफा झितूनी हाही त्याच यादीत. एप्रिल 1958 मध्ये, विश्वचषकाला दोन महिने उरले असताना, हे दोघे आणि त्यांचे काही साथी गुपचूप सीमा ओलांडून ट्युनिसला पोचले आणि स्वातंत्र्य आघाडीच्या संघात दाखल झाले. मेखलूफी तेव्हा फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी करत होता. त्याच्यासाठी हे पळून जाणे म्हणजे थेट गुन्हा. फिफाने या संघाला मान्यता दिली नाही. तरी सुमारे चार वर्षे हा संघ पूर्व युरोपपासून व्हिएतनाम-चीनपर्यंत खेळत हिंडला. देश नकाशावर नव्हता, त्याचा संघ मात्र मैदानात होता.

त्या खेळाडूंनी क्लब सोडला, पगार सोडला, विश्वचषक सोडला. कशासाठी? ज्या जर्सीला जगात मान्यताही नव्हती तिच्यासाठी. 1962 मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. मेखलूफी पुन्हा सेंट एतियेनला परतला आणि तिथल्या लोकांनी त्याला पुन्हा आपले म्हटले; त्याने त्यांना आणखी तीनदा लीग जिंकून दिली. क्लब आणि देश यांत वैर नसते याचा याहून चांगला दाखला आम्हांला माहीत नाही. 2024 मध्ये तो अल्लाघरी गेला तेव्हा भूमध्य समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर हळहळ होती.

त्याच्यानंतरच्या पिढ्यांपुढे प्रश्न उलटा आला. अल्जीरियातून आलेल्या आईबापांचा मुलगा झिनेदिन झिदान. 12 जुलै 1998 रोजी त्याने ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोनदा डोक्याने गोल केले आणि फ्रान्सला पहिला विश्वचषक मिळवून दिला. त्या रात्री सगळा फ्रान्स एक झाला असे म्हटले गेले. 6 ऑक्टोबर 2001 रोजी त्याच मैदानावर फ्रान्स-अल्जीरिया मैत्रीचा सामना होता. वस्त्यांतल्या पोरांनी फ्रान्सच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली, फ्रान्स 4-1 ने पुढे असताना ती मैदानात घुसली आणि सामना 76 व्या मिनिटाला सोडून द्यावा लागला. एका विजयाने घरे मिळत नाहीत, नोकऱ्या मिळत नाहीत. फुटबॉल प्रश्न सोडवत नाही. पण तो लपवूही देत नाही, आणि लाखो डोळ्यांसमोर प्रश्न मांडण्याची ही जागा क्लबच्या सामन्यात मिळत नाही.

2022 मध्ये कतारला मोरोक्कोने जे केले ते याच पार्श्वभूमीवर पाहायला हवे. त्यांच्या 26 खेळाडूंपैकी 14 जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. अश्रफ हकिमी माद्रिदचा, हकिम झियेश नेदरलँड्सचा, गोलरक्षक यासिन बुनू कॅनडातल्या माँट्रियलचा. त्या वेळचे प्रशिक्षक वालिद रेग्रागुई फ्रान्समध्ये जन्मलेले. ही मजुरांची मुले. हकिमीची आई स्पेनमध्ये लोकांची घरे झाडत-पुसत असे. 6 डिसेंबरला स्पेनविरुद्धचा सामना पेनल्टींवर गेला आणि निर्णायक पेनल्टी हकिमीने मारली, ज्या देशात तो जन्मला त्याच देशाविरुद्ध. गोलरक्षक झेपावला तशी त्याने चेंडूला मधोमध हलकी टिचकी दिली. चार दिवसांनी पोर्तुगालही 1-0 ने गेला. आफ्रिकेचा आणि अरब जगाचा पहिला संघ उपांत्य फेरीत पोचला. सोफियान बुफाल मैदानावर आपल्या आईला घेऊन नाचला. हिजाबातली एक साधी बाई, डोळ्यांत पाणी, आणि तिचा जगप्रसिद्ध मुलगा तिचे हात धरून गिरक्या घेतोय.

आम्ही त्या रात्री टाळ्या वाजवल्या. कुणी विचारले, मोरोक्कोसाठी का, मुसलमान म्हणून? होय, थोडे म्हणूनही. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण तेवढेच नाही. आमच्या कोकणातल्या किती घरांतले बाप आखातात राबले आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर इथे मुले शिकली! परदेशात राबणाऱ्याच्या घरचे एक पोर उभे राहून 'मी अमुक ठिकाणचा' असे सांगते, तेव्हा ते आमचेही असते. कोल्हापुरात ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात, तेव्हा कुणाला त्याचे कारण विचारले जात नाही. मोरोक्कोचेही कारण विचारले जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

देशाच्या संघाचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. कतारची ती चकचकीत मैदाने आपल्याच भागातल्या, नेपाळ-बांगलादेशातल्या मजुरांनी उन्हात बांधली. किती जण परत आले नाहीत याचा हिशेब कधी नीट लागलाच नाही. 2026 च्या स्पर्धेसाठी फिफाने संघांची संख्या 32 वरून 48 केली. त्यात गरीब देशांचा विचार किती आणि तिजोरीचा किती, हे उघड आहे. आणि आपल्याकडचे पाहा. नोव्हेंबर 2022 मध्ये केरळात मेस्सी-नेमारचे उंच कटआउट नदीत उभे राहिले, तेव्हा तिथल्या एका उलेमा संघटनेच्या खुत्बा समितीने बजावले, की फुटबॉलचे वेड इबादतीच्या आड येऊ देऊ नका आणि मलबारवर जुलूम करणाऱ्या पोर्तुगालचे झेंडे मिरवू नका. इतिहासाची आठवण ठेवावी हे आम्हांलाही पटते. पण चेंडूच्या मागे धावणाऱ्या पोराचे इमान त्याच्या जर्सीवरून मोजू नये, मग मोजणारा मिंबरावरचा असो की चौकातला. दोघांचा प्रश्न एकच असतो : तू कुणाच्या बाजूने?

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे आहे, आणि ते जुने आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे शाळामास्तर 1950 पासून भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. 1951 मध्ये दिल्लीत आशियाई सुवर्णपदक. 1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. तिथे गोव्यात जन्मलेल्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. 1962 मध्ये जकार्ताला पुन्हा सुवर्ण. तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने गाठलेले होते आणि बिथरलेली गर्दी भारताच्या विरोधात ओरडत होती. त्या संघात थंगराज होता, जर्नेलसिंग होता, फ्रँको होता, युसूफ खान होता, कप्तान चुनी गोस्वामी होता. 4 सप्टेंबरला दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवले. पुढच्या जूनमध्ये रहीमसाहेब गेले. 2024 मध्ये त्यांच्यावर 'मैदान' हा चित्रपट आला तेव्हा आमच्या मुलांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले. भारताची जर्सी शिवणाऱ्या हातांत एक हात मुसलमान मास्तराचा होता. ही जर्सी आम्हांला कुणी उदार होऊन दिलेली नाही. मग ती अंगावर घालायला दुसऱ्याची परवानगी कशाला?

खेळ म्हणाल तर आज परिस्थिती वाईट आहे. 2027 च्या आशिया चषकाची पात्रता भारताला गाठता आली नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये ढाक्यात बांगलादेशानेही आपल्याला 1-0 ने हरवले. मुले म्हणतात, असला संघ कशाला पाहायचा? याचे उत्तर सुनील छेत्रीने आधीच देऊन ठेवले आहे. 1 जून 2018 रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताचा सामना होता आणि प्रेक्षक होते 2,569. दुसऱ्या दिवशी भारताच्या या कप्तानाने हात जोडून एक चित्रफीत काढली. युरोपातल्या क्लबांचे वेड असणाऱ्यांना तो म्हणाला, की आमचा दर्जा त्यांच्या जवळपासही नाही हे कबूल. पण मैदानात या, आमच्यावर ओरडा, टीका करा, शिव्या घाला, पण या. 4 जूनला केनियाविरुद्ध तेच मैदान खचाखच भरले आणि भारत 3-0 ने जिंकला.

त्या विनवणीतला शिव्या घालण्याचा भाग आम्हांला फार मोलाचा वाटतो. गिऱ्हाईक माल वाईट निघाला तर दुकान बदलते. घरचा माणूस दुकान बदलत नाही. तो भांडतो, रुसतो, वाभाडे काढतो आणि पुन्हा तिथेच जेवायला बसतो. आमच्या मुलांनी लिव्हरपूलवर खुशाल प्रेम करावे, सलाहच्या सजद्याने सुखवावे, तालमीसाठी घसा बसेपर्यंत ओरडावे. पण भारताचा संघ वाईट खेळला की त्याला मनसोक्त नावे ठेवायलाही त्यांनी पुढे यावे, आणि आवाज चोरून नव्हे. हरणाऱ्या संघावर चिडण्याचा हक्क ज्याचा असतो, तो संघ त्याचाच असतो.